कुरडईचा चीक, सोयाबीनची पेंड आणि पर्यायी प्रथिने

उन्हाळ्यात कुरडया करायच्या असल्या की गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज त्यांचे पाणी बदलतात आणि मग ते वाटून, पाण्यात कोळून गाळून घेतात. पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो आणि गाळणीवर चोथा राहतो. चिकाच्या कुरडया होतात. चोथ्याच्या काही घरांत भुसवड्या घालतात, तर काही घरांत तो गुरांपुढे जातो. एका धान्याचे दोन भाग इथे केवळ पाण्याच्या मदतीने वेगळे झालेले असतात. चीक म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च असतो, तर गव्हातले चिवट प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, बहुतांशी कोंड्याबरोबर चोथ्यात राहते. पर्यायी प्रथिनांच्या मोठमोठ्या कारखान्यांत जे काम चालते त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. तिथे मात्र हवे असते ते प्रथिन, आणि चीक हा मागे उरलेला माल ठरतो.

पर्यायी प्रथिने हा शब्द गेल्या काही वर्षांत फार वापरला जातो आणि त्यात बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू एकत्र कोंबल्या जातात. मांस, मासे, अंडी आणि दूध यांच्या जागी वापरता येतील अशी प्रथिने, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती सोयाबीन, वाटाणा, मूग यांसारख्या दाण्यांतून काढता येतात, बुरशी किंवा यीस्ट टाकीत वाढवून मिळवता येतात, आणि प्राण्याच्या पेशी प्राण्याबाहेर वाढवूनही तयार करता येतात. या साऱ्यांना एकच विशेषण सरसकट जोडले जाते, ते म्हणजे शाश्वत. माझे म्हणणे असे की हे विशेषण कच्च्या मालाला आपोआप लागू होत नाही. दाणा शेतातून निघाल्यापासून ताटात येईपर्यंत त्यावर किती आणि कोणत्या प्रक्रिया झाल्या, प्रत्येक टप्प्यावर किती पाणी व इंधन लागले आणि किती माल वाया गेला, यावरच ते ठरते. म्हणून या लेखात मी प्रक्रियेविषयीच लिहिणार आहे, आणि त्यातही सर्वाधिक सोयाबीनविषयी, कारण ते आपल्या दारात पिकते.

या खटाटोपाचे कारण थोडक्यात सांगतो. प्राण्याला खाऊ घातलेल्या प्रथिनांपैकी फार थोडी प्रथिने मांसाच्या रूपात परत मिळतात, कारण बाकीचे खाद्य त्याच्या जगण्यात, हिंडण्यात, हाडे आणि पिसे वाढवण्यात खर्ची पडते. त्यातल्या त्यात कोंबडी काटकसरी आहे, आणि तिच्याही बाबतीत खाद्यातील प्रथिनांचा साधारण पाचवा हिस्साच खाण्यायोग्य मांसात उतरतो. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १०० ग्रॅम प्रथिनांमागे होणारे हरितगृह वायूंचे सरासरी उत्सर्जन मोजलेले आहे. मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या बाबतीत ते सुमारे ५० किलो, कोंबडीच्या बाबतीत सुमारे ५.७ किलो, टोफूच्या म्हणजे सोया पनीरच्या बाबतीत सुमारे २ किलो आणि वाटाण्याच्या बाबतीत अर्ध्या किलोहूनही कमी भरते. टोफू आणि वाटाणा हे दोन्ही शेंगवर्गीय पिकांचे पदार्थ आहेत, तरीही त्यांच्यात एवढे अंतर आहे. ते अंतर शेतीच्या पद्धतीमुळे जसे पडते तसेच दाण्यानंतरच्या प्रक्रियेमुळेही पडते, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

महाराष्ट्रात अलीकडच्या खरिपांत सोयाबीनखाली सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्र असते आणि लातूरची बाजारपेठ तर सोयाबीनच्या भावासाठीच ओळखली जाते. एवढे असूनही सोयाबीनची उसळ किंवा आमटी आपल्या रोजच्या जेवणात नाही. प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमातल्या लोकांच्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला आणि गरिबांच्या आहारासाठी त्याचा विचार व्हावा असे लिहिले. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन आणि १८ ते २० टक्के तेल असते, म्हणजे तूर, मूग, हरभरा यांच्या जवळजवळ दुप्पट प्रथिन. मग तो स्वयंपाकघरात का रुळला नाही, याचे उत्तर दाण्याच्या रसायनात आहे.

सोयाबीनच्या दाण्यात ट्रिप्सिन रोधक नावाची प्रथिने असतात. आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे जे ट्रिप्सिन हे विकर असते, त्याला ही प्रथिने चिकटून बसतात आणि निकामी करतात. त्यामुळे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले सोयाबीन खाल्ले तर त्यातील प्रथिन पुरते पचत नाही. ऑस्बर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवून दिले होते की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते आणि तेच सोयाबीन नीट शिजवून दिले की वाढ सुधारते. दुसरी अडचण वासाची आहे. दाणा पाण्यात भरडला गेला की लायपॉक्सिजिनेज नावाचे विकर त्यातील तेलावर तुटून पडते आणि काही क्षणांतच तो हिरवट, उग्र वास तयार होतो, ज्यामुळे घरात एकदा आणलेले सोयाबीनचे पीठ पुन्हा आणले जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे रॅफिनोज आणि स्टॅचिओज या साखरा. त्या आपल्याला पचवता येत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर ताव मारतात आणि पोटात वारा धरतो.

हे ऐकून सोयाबीन हे घातक धान्य आहे असे मानण्याचे कारण नाही. कोकणात कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून मगच त्यांचे बिरडे करतात, तो खटाटोपही अशाच नको असलेल्या घटकांना घालवण्यासाठी आहे. प्रक्रिया हा शब्द कारखान्याशी जोडला गेल्यामुळे आपल्याला तो परका वाटतो, परंतु भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, भाजणे आणि शिजवणे या सगळ्या प्रक्रियाच आहेत, आणि कडधान्ये माणसाच्या आहारात आली ती त्यांच्याच जोरावर.

सोयाबीनच्या बाबतीत पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे ओलसर उष्णता. ट्रिप्सिन रोधक हे स्वतः प्रथिनच असल्यामुळे उष्णतेने त्याची घडी विस्कटते आणि ते विकराला चिकटू शकत नाही. कोरड्या भाजण्यापेक्षा वाफ अधिक परिणामकारक ठरते, कारण पाणी उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत नेते. मात्र उष्णता बेताचीच हवी. ती जास्त झाली की लायसिन हे मोलाचे अमिनो आम्ल दाण्यातील साखरेशी जोडले जाते, पीठ तांबूस होते आणि प्रथिनाचा कस उतरतो. कारखान्यात हा मध्यबिंदू गाठला की नाही हे पाहण्यासाठी युरिएज या दुसऱ्याच विकराची चाचणी घेतात. युरिएज मोजायला सोपे आहे आणि ट्रिप्सिन रोधकाबरोबरच उष्णतेने निकामी होते, म्हणून ते जवळजवळ संपलेले दिसले की दाणा पुरेसा शिजला असे समजतात. वासावरचा उपाय १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सापडला. दाणा गार पाण्यात वाटण्याऐवजी ८० अंश सेल्सियसच्या वरच्या कढत पाण्यात वाटला, तर लायपॉक्सिजिनेजला काम करायला अवधीच मिळत नाही. घरी सोयाबीनचे दूध करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मी तक्रार दूर होते.

आता कारखान्याकडे वळू. बाजार समितीतून आलेले सोयाबीन आधी साफ होते, वाळवले जाते, मग त्याचे तुकडे करून साल काढली जाते. ते तुकडे थोडे गरम व मऊ करून दोन रुळांमधून दाबले की त्यांचे पातळ पोहे तयार होतात. पोहे करण्यामागचा हेतू असा की तेल साठवणाऱ्या पेशी फुटाव्यात आणि द्रावकाला आत शिरायला वाट मिळावी. या पोह्यांवर हेक्झेन नावाचा द्रावक फिरवतात. तो ६९ अंशांच्या आसपास उकळतो, तेल विरघळवून घेतो आणि मग तापवून तेलापासून वेगळा करून पुन्हा वापरला जातो. घाण्यात कितीही दाबले तरी पेंडेत सहा-सात टक्के तेल राहते, हेक्झेनने मात्र ते एक टक्क्याच्या आसपास येते. उरलेल्या तेलविरहित पेंडेला व्यापारात डीओसी म्हणतात. १०० किलो दाण्यांतून साधारण १८ किलो तेल मिळते आणि बाकीचा बहुतेक भाग पेंडेच्या रूपात राहतो, म्हणजे ज्याला आपण तेलबी म्हणतो त्यातून प्रत्यक्षात तेलाच्या चौपट पेंड निघते.

याच ठिकाणी एक फाटा फुटतो, आणि तो मला या साऱ्या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेंडेतला हेक्झेन घालवण्यासाठी तिला वाफ द्यावी लागते. कोंबडीखाद्यासाठी जायची असेल तर तिला त्याच वेळी भरपूर भाजले जाते. त्यामुळे ट्रिप्सिन रोधक जातो, पण प्रथिनाची पाण्यात विरघळण्याची क्षमताही जाते. माणसाच्या अन्नासाठी लागणारी पेंड मात्र हलक्या हाताने, थोड्या वेळात, कमी उष्णतेत द्रावकमुक्त करावी लागते, म्हणजे प्रथिन विरघळण्याजोगे राहते आणि त्यातून पुढचे पदार्थ बनवता येतात. त्याशिवाय दाणा मुळातच स्वच्छ, बुरशीविरहित आणि नीट सुकवलेला असावा लागतो. मळणीच्या वेळी पावसात सापडलेला, ढिगात तापून डागाळलेला माल तेलाला चालून जातो, अन्नाला चालत नाही. आपल्याकडील पेंडेचा मोठा भाग कोंबडीखाद्याकडे आणि निर्यातीकडे जातो, त्यामागे मागणी हे कारण आहेच, पण दाण्याच्या प्रतवारीपासून वेगळी ठेवलेली अन्नाची साखळी पुरेशी उभी राहिली नाही हेही कारण आहे.

अन्नयोग्य पेंड दळली की सोया पीठ होते. त्यात ५० टक्क्यांहून थोडे अधिक प्रथिन असते. ते पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने किंवा आम्लयुक्त पाण्याने धुतले की वारा धरणाऱ्या त्या साखरा निघून जातात, प्रथिन मात्र न विरघळता मागे राहते. या मालाला सांद्र म्हणतात आणि त्यात प्रथिन ६५ ते ७० टक्के असते. आणखी शुद्ध माल हवा असेल तर उलटी युक्ती करतात. पीठ किंचित अल्कधर्मी पाण्यात कालवले की प्रथिन पाण्यात उतरते आणि तंतूंचा चोथा वेगळा काढता येतो. मग त्या पाण्यात हळूहळू आम्ल मिसळत सामू ४.५ च्या आसपास आणतात. या बिंदूला प्रथिनांच्या रेणूंवरील धन आणि ऋण विद्युतभार समान होतो, ते एकमेकांना दूर ढकलेनासे होतात आणि गोळा होऊन तळाशी बसतात. दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटते ते याच कारणाने, कारण दुधातल्या केसीन प्रथिनाचा हा बिंदूही ४.६ च्या जवळ आहे. तो साका धुऊन, सामू पुन्हा सम करून, गरम हवेत फवारून वाळवला की ९० टक्के प्रथिनाची भुकटी मिळते. तिला विलगित प्रथिन म्हणतात आणि व्यायामशाळांत विकल्या जाणाऱ्या डब्यांवर तेच नाव आयसोलेट असे छापलेले असते.

ही भुकटी दिसायला सुबक आहे, परंतु एक किलो भुकटीसाठी साधारण तीन किलो पीठ लागते, दहापट पाणी लागते, आणि ते पाणी काढून टाकण्यासाठी पुष्कळ इंधन जाळावे लागते. मागे उरलेल्या सांडपाण्यात साखरा आणि काही प्रथिने असतात, ती वापरली नाहीत तर नाल्यात जातात. पाणी वाळवणे हे अन्नप्रक्रियेतले सर्वांत खर्चिक काम आहे, कारण एक किलो पाण्याची वाफ करायला लागणारी ऊर्जा तेच पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सहा-सातपट असते. म्हणून जिथे पिठाने काम भागते तिथे विलगित प्रथिन वापरणे मला उधळपट्टी वाटते.

पिठानेच काम भागवणारा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे सोयाबीनची वडी. अशा पदार्थांची कल्पना अमेरिकेतून आली. रॉबर्ट बॉयर या रसायनतज्ज्ञाने सोया प्रथिनाचे सुतासारखे धागे काढून त्यांपासून मांसासारखा पदार्थ करण्याचे पेटंट १९५४ साली मिळवले, पण ती पद्धत किचकट आणि महाग होती. १९७० साली विल्यम ॲटकिन्सन यांना ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले ती फार सोपी होती, आणि आजची वडी तिच्याच वंशातली आहे. तेल काढलेले पीठ थोड्या पाण्यात ओलसर करून एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात घालतात. हे यंत्र म्हणजे एक प्रचंड तापलेला, प्रचंड दाबाचा सोऱ्या आहे असे समजायला हरकत नाही. फरक असा की चकलीच्या सोऱ्यात पीठ फक्त ढकलले जाते, आणि इथे नळीत फिरणारा मळसूत्री दांडा त्याला ढकलता ढकलता मळतो, घुसळतो आणि घर्षणाने तापवतो. आतले तापमान १३० ते १७० अंशांपर्यंत चढते, तरी दाबामुळे पाणी उकळू शकत नाही.

अशा स्थितीत प्रथिनांच्या गुंडाळलेल्या रेणूंचे धागे उलगडतात, पीठ वितळल्यासारखे होते आणि ओघाच्या दिशेने ते धागे एकमेकांना समांतर ओढले जातात. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताच दाब एकदम नाहीसा होतो, आत कोंडलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, पीठ फुगते आणि रेणूंमध्ये जे नवे बंध तयार झालेले असतात ते त्या फुगलेल्या जाळीला तसेच धरून ठेवतात. वडी भिजवून फाडून पाहिली तर दिसणारे तंतू आणि पोकळ्या या एका क्षणात घडलेल्या असतात. यंत्रातल्या एक-दोन मिनिटांत ट्रिप्सिन रोधकही बहुतांशी निकामी होतो, म्हणजे शिजवणे आणि आकार देणे ही दोन्ही कामे एकाच इंधनात होतात. वाळलेल्या वडीच्या पाकिटावर प्रथिन ५२ टक्के लिहिलेले असते आणि ते खरे असते, पण १०० ग्रॅम वडी साधारण २०० ग्रॅम पाणी पिते, त्यामुळे भिजलेल्या वडीत ते १७ टक्क्यांच्या आसपास येते. आहाराचा हिशेब मांडताना हा फरक विसरू नये.

अलीकडे मांसाच्या तुकड्यासारखे दिसणारे जे वनस्पतीजन्य पदार्थ मिळतात त्यांत यंत्र तेच असते, मात्र पाण्याचे प्रमाण ५० ते ७० टक्के ठेवतात आणि तोंडाला एक लांब, थंड पाण्याने वेढलेली नळी जोडतात. पीठ त्या नळीतून जाताना कडेने आधी थिजते आणि मध्ये वाहत राहते, त्यामुळे फुगण्याऐवजी थरावर थर बसतात आणि स्नायूंसारखे लांब तंतू तयार होतात. हा पदार्थ ओलाच असतो, म्हणून तो वाळवण्याचे इंधन वाचते, पण लगेच थंड किंवा गोठवून ठेवावा लागतो. आपल्याकडे गावोगावच्या किराणा दुकानात वडी पोहोचली आणि हा पदार्थ मोठ्या शहरांतच राहिला, यात चवीपेक्षा शीतसाखळीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. वडी कोरडी आहे, हलकी आहे आणि महिनोन्‌महिने टिकते.

डाळींची गोष्ट निराळी आहे. तूर, मूग, मसूर, वाटाणा यांत तेल फार कमी आणि स्टार्च भरपूर असतो. त्यामुळे त्यांना पाण्यात घातल्यावाचूनही प्रथिन वेगळे करता येते. डाळ अगदी बारीक दळली की स्टार्चचे कण साधारण २० मायक्रॉनचे राहतात आणि प्रथिनांचे कण एक ते तीन मायक्रॉनचे असतात. हे पीठ हवेच्या भोवऱ्यात सोडले की हलके, बारीक कण एकीकडे जातात आणि जड कण दुसरीकडे. सुपात पाखडण्याचेच हे सूक्ष्म रूप आहे. यात मिळणारे प्रथिन ५० ते ६० टक्क्यांपर्यंतच शुद्ध असते, पण पाणी लागत नाही, आम्ल लागत नाही, वाळवण लागत नाही आणि प्रथिनाचा नैसर्गिक गुण शाबूत राहतो. अकोला आणि लातूर हे दोन्ही भाग डाळ गिरण्यांचे आहेत, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तर गावपातळीवर चालेल अशी छोटी दाल मिल विकसित केली. या गिरण्यांतून निघणारी चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि साल, आज जनावरांच्या खाद्यात जाते. ती स्वच्छ राखली आणि अशा कोरड्या पद्धतीने पाखडली, तर तिच्यातले बरेच प्रथिन माणसाच्या अन्नात येऊ शकेल. पर्यायी प्रथिनांविषयी इतकी चर्चा होत असताना या साध्या शक्यतेकडे फारसे लक्ष जात नाही, याची मला खंत वाटते.

शेताऐवजी टाकीत पिकणारी प्रथिने हा आणखी एक मार्ग आहे. इंग्लंडमधील बकिंगहॅमशायरमधल्या मार्लो गावाच्या मातीत १९६७ साली फ्युजेरियम व्हेनेनाटम ही बुरशी सापडली. तिच्यापासून बनवलेले मायकोप्रोटीन १९८५ पासून तिथे क्वॉर्न या नावाने विकले जाते. उंच टाकीत ग्लुकोज, अमोनिया आणि क्षार यांचे द्रावण ठेवून खालून हवा सोडतात, बुरशी तंतूंच्या रूपात झपाट्याने वाढते आणि सतत काढून घेतली जाते. तिच्यात एक अडचण होती. वेगाने वाढणाऱ्या कोणत्याही जीवात आरएनए, म्हणजे प्रथिने घडवण्यात भाग घेणारे न्यूक्लिक आम्ल, भरपूर असते आणि ते खाल्ले की रक्तातले युरिक आम्ल वाढते. म्हणून काढलेली बुरशी साधारण ६५ ते ७० अंशांवर काही वेळ धरून ठेवतात, तेव्हा तिचीच विकरे आरएनए तोडतात आणि ते बाहेर झिरपते, मात्र त्याबरोबर काही प्रथिनही जाते. पुढे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बंधक मिसळून, वाफवून, सावकाश गोठवले की बर्फाचे स्फटिक तंतूंना एका दिशेने दाबून बसवतात आणि मांसासारखा पोत येतो. जमीन फार कमी लागते हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, पण ग्लुकोज कुठल्यातरी शेतातल्या स्टार्चमधूनच यावे लागते आणि हवा फुंकण्यासाठी वीज अखंड लागते.

सोयाबीन पेरणारा शेतकरी फुलोऱ्याच्या सुमारास रोप उपटून मुळांवरच्या गाठी फोडून पाहतो, आणि त्या आतून गुलाबी असल्या तर नत्र धरण्याचे काम नीट चालले आहे असे समजतो. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो, जे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे दूरचे नातलग आहे. अमेरिकेतील इम्पॉसिबल फूड्स या कंपनीने त्याचे जनुक यीस्टमध्ये घातले, टाकीत ते प्रथिन तयार करवून घेतले आणि सोया प्रथिनाच्या पदार्थाला मांसाचा रंग व चव देण्यासाठी वापरले. गाठी उपटून ते काढायचे म्हटले असते तर हेक्टरच्या हेक्टर शेत उद्ध्वस्त करावे लागले असते. अशा रीतीने थोड्या प्रमाणात लागणारे, मोलाचे प्रथिन यीस्टकडून करवून घेणे मला योग्य वाटते. प्राण्यांच्या पेशी वाढवून मांस करण्याविषयी मात्र इतक्यात फार आशा धरू नये. २०१३ साली लंडनमध्ये मार्क पोस्ट यांनी असा पहिला बर्गर दाखवला आणि २०२० साली सिंगापूरने विक्रीला पहिली परवानगी दिली, तरी निर्जंतुक टाक्या, महाग पोषक द्रव आणि सतत राखावे लागणारे तापमान यांमुळे तो मार्ग अजून खर्चिकच आहे.

भारतात हा विचार नवा नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात तेल काढलेल्या भुईमुगाचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ यांत जीवनसत्त्वे व चुना मिसळून बहुगुणी अन्न तयार केले. पुढे भुईमुगाचे विलगित प्रथिन दुधात मिसळून मिलटोन नावाचे पेयही तिथे बनले. ती कामे उत्तम होती, पण भुईमुगाला अफ्लाटॉक्सिनचे ग्रहण लागले. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडेमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि त्यातून या विषाचा शोध लागला. ते साध्या शिजवण्याने जात नाही. शेंगा नीट सुकवणे, कोरड्या जागी साठवणे आणि काळवंडलेले दाणे वेचून काढणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तो कारखान्यात नाही, खळ्यावर करावा लागतो.

पोषणाविषयीही एक शब्द आवश्यक आहे. सोयाबीनचे प्रथिन कसाला चांगले आहे, त्यात लायसिन भरपूर आहे आणि मेथिओनिन थोडे कमी आहे. ज्वारी-बाजरीत नेमके उलट असते, म्हणून भाकरीबरोबर ते खाल्ले की दोन्हींची उणीव भरून निघते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतीजन्य प्रथिनांत नसते, ते वेगळे मिळवावे लागते. काहींना सोयाची ॲलर्जी असते. बर्गरसारख्या तयार पदार्थांत मीठ आणि चरबी किती आहे हे पाकिटावर वाचूनच घ्यावे, कारण प्रथिन वनस्पतीचे असले तरी बाकीची भर कारखान्याची असते.

प्रक्रियेचा भार कमी करण्याचा एक उपाय थेट बियाण्यातच करता येतो. इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हा ट्रिप्सिन रोधकाचा कुनिट्झ नावाचा प्रकार नसलेला वाण आणि एनआरसी १४२ हा तो रोधक व वासाला कारण होणाऱ्या विकराचा एक प्रकार असे दोन्ही नसलेला वाण दिला आहे. एमएसीएस ही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वाणांची मालिकाही आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. रोधकच नसला तर दाणा कमी वेळ शिजवून भागते, इंधन वाचते आणि लायसिनही टिकते. पण असा वाण इतर मालात मिसळला गेला की त्याचा उपयोग संपतो, त्यामुळे तो वेगळा पेरणे, वेगळा मळणे आणि वेगळा विकणे जमले पाहिजे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे काम हाती घेण्यासारखे आहे, मात्र त्यासाठी दाण्याला बाजारभावाहून चार पैसे अधिक देणारा ग्राहक आधी पक्का हवा.

तालुक्याच्या गावी चालवता येईल असा उद्योग म्हणजे सोया दूध आणि पनीर. एक किलो दाण्यापासून सात-आठ लिटर दूध आणि त्या दुधापासून दीड ते दोन किलो पनीर मिळते. दूध साकळवण्यासाठी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे खाण्याच्या प्रतीचे जिप्सम, किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. यात हेक्झेन नाही आणि फवारून वाळवणेही नाही. इथेही चोथा उरतोच, आणि किलोभर दाण्यांमागे तो ओला किलोहून अधिक भरतो. त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असते, पण वाळवून पाहिले तर २५ ते ३० टक्के प्रथिन आणि पुष्कळ तंतू मिळतात. तो उन्हाळ्यात काही तासांतच आंबतो, वाळवायचा म्हटला तर इंधनाचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा वर जातो, आणि म्हणून बहुतेक ठिकाणी तो गोठ्यात जातो. तो त्याच दिवशी, शिजवलेला आणि ताजा असतानाच थालीपिठाच्या भाजणीत किंवा वड्याच्या पिठात चौथ्या हिश्शापर्यंत मिसळला तर चवीत फरक कळत नाही, फक्त पीठ भिजवताना पाणी कमी घालावे लागते. त्यासाठी पनीर करणारे घर आणि थालीपिठे करणारा बचत गट एकमेकांपासून तासाभराच्या अंतरात असले की पुरते.